वाकलेला देव आणि न बोलणारे मूल : पिळ्ळैत्तमिळ, बाळक्रीडा आणि प्रौढाचे बालपण

१

कुंभकोणमहून चेन्नईकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुप्पनंदाळ नावाचे गाव आहे. कावेरीच्या फाट्यांनी भिजलेल्या या परिसरात शिवालयांची दाटी आहे आणि त्यांपैकी बहुतेकांना स्वतःचे पुराण आहे. तरीही तिरुप्पनंदाळचे महत्त्व दोन कारणांनी वेगळे ठरते. एक कारण तेथील अरुणजटेश्वराच्या मंदिराशी निगडित असलेली कथा, आणि दुसरे तेथील काशी मठ. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. कथा भक्तीची आहे, मठ पांडित्याचा आहे. परंतु प्रौढ माणसाचे बालपणाशी नाते कसे असते आणि कसे असावे, या प्रश्नाचा साहित्याच्या अंगाने विचार करू लागताच ही दोन्ही स्थळे एकाच दिशेला बोट दाखवू लागतात.

मंदिराची कथा अशी. ताटकै नावाची एक स्त्री या शिवलिंगाला नित्य हार घालीत असे. (रामायणातील ताटकेचा हिच्याशी संबंध नाही.) एके दिवशी हार घालण्यासाठी तिने हात उंचावले आणि तिचे वस्त्र ढळू लागले. वस्त्र सावरावे तर हार हातातून सुटणार, आणि हार घालावा तर वस्त्र सुटणार. कोपरांनी वस्त्र दाबून धरून ती अवघडून उभी राहिली. तिची ती अडचण पाहून देवच पुढे वाकला आणि त्याने हार स्वीकारला. देवस्थानाला ताटकैच्या नावाने ओळखण्याची प्रथा जुनी असून संबंदरांच्या स्तोत्रातही ते नाव येते.

कथेचा उत्तरार्ध बाराव्या शतकातील चेक्किळार यांच्या ‘पेरिय पुराणम्’ या ग्रंथात आहे. वाकलेले लिंग सरळ करावे म्हणून चोळ राजाने हत्ती जुंपले. हत्ती दमले, लिंग हलले नाही. मग कुंगिलिय कलयर हा भक्त तेथे आला. पत्नीने घरातल्या धान्यासाठी स्वतःच्या गळ्यातील ताली दिली असता तिचाही गुग्गुळ विकत घेऊन देवापुढे जाळणारा हा माणूस. त्याने दोराचे एक टोक लिंगाला बांधले, दुसरे स्वतःच्या गळ्याला बांधले, आणि ओढले. लिंग सरळ झाले.

मोठ्याने लहानासाठी वाकावे, हा या कथेचा पूर्वार्ध. वाकलेल्याला पुन्हा सरळ करावे लागते आणि ते बळाने होत नाही, हा उत्तरार्ध. अलीकडच्या काळात ‘आपल्या आत दडलेले मूल जपा’ असा जो उपदेश सर्वत्र केला जातो, त्यात पूर्वार्धाची अस्पष्ट जाणीव आढळते. उत्तरार्धाची मात्र जवळजवळ आढळत नाही. प्रस्तुत विवेचनात तमिळ आणि मराठी परंपरांतील काही रचना समोर ठेवून या दोन्ही अर्धांचा विचार करावयाचा आहे.

२

‘आतले मूल’ ही कल्पना आजच्या अर्थाने अर्वाचीन आहे. युरोपात स्वच्छंदतावादी कवींनी बालपणाला दिव्यत्वाची झळाळी दिली. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्ड्‌स्वर्थच्या प्रख्यात उद्देशिकेत वाढणे म्हणजे प्रकाशापासून दूर जाणे असे सूचित झाले. विसाव्या शतकात कार्ल युंगने १९४० च्या सुमारास बालकाच्या आदिबंधावर स्वतंत्र निबंध लिहून पुराणकथांतील दैवी बालक आणि माणसाचे अबोध मन यांचा सांधा जोडला. पुढे मानसोपचाराच्या व्यवहारात ही कल्पना उतरली आणि तेथून ती लोकप्रिय पुस्तकांत गेली. या प्रवासात तिचा एक ठराविक साचा तयार झाला. बालपण ही प्रत्येकाची खाजगी मालमत्ता आहे. ती हरवली आहे किंवा दुखावली गेली आहे. आणि प्रौढाने आठवणीच्या वाटेने मागे जाऊन ती परत मिळवावयाची आहे.

या साच्यात तीन गृहीते दडलेली आहेत. पहिले, मूल म्हणजे ‘मीच’, दुसरे कोणी नव्हे. दुसरे, त्याच्याकडे जाण्याचे साधन म्हणजे स्मृती. तिसरे, ते मूल मुळात सुखी, निरागस आणि परत मिळण्याजोगे आहे. ही तिन्ही गृहीते भारतीय भाषांतील साहित्याने सरसकट मान्य केलेली नाहीत. किंबहुना पहिल्या दोन गृहीतांना छेद देणारा एक पूर्ण काव्यप्रकारच तमिळमध्ये शतकानुशतके जोपासला गेला आहे. तिरुप्पनंदाळच्या काशी मठाचा संबंध येथे येतो.

३

या मठाची परंपरा सतराव्या शतकातील कुमरगुरुपर या कवीपासून सुरू होते. दक्षिणेतील श्रीवैकुंठम् येथे जन्मलेला हा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, असे परंपरा सांगते. आईवडिलांनी त्याला तिरुच्चेंदूरच्या मुरुगनापुढे नेले आणि तेथे त्याला वाचा फुटली. ती फुटली ती थेट ‘कंदर् कलिवेण्बा’ या स्तोत्राच्या रूपाने. पुढे धर्मपुरम् येथील आधीनाचे प्रमुख मासिलामणी देशिकर यांचे शिष्यत्व पत्करून तो गुरूच्या आज्ञेने काशीला गेला आणि तेथे त्याने मठ स्थापन केला. काशीच्या केदार घाटावरील कुमारस्वामी मठ तो हाच. अठराव्या शतकात त्याच्या उत्तराधिकाऱ्यांनी मठाचे मुख्य ठाणे कावेरीच्या खोऱ्यात तिरुप्पनंदाळला आणले, आणि दक्षिणेत राहूनही मठाने ‘काशी’ हे नाव टिकवले.

कुमरगुरुपरांची कीर्ती ज्या रचनांवर उभी आहे त्यांत ‘मीनाक्षियम्मै पिळ्ळैत्तमिळ’ अग्रगण्य आहे. ‘पिळ्ळै’ म्हणजे मूल. पिळ्ळैत्तमिळ हा देवाला, राजाला किंवा संताला मूल कल्पून त्याला उद्देशून रचावयाचा काव्यप्रकार. त्याचे बीज नवव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या पेरियाळ्वारांच्या पदांत सापडते. तेथे कवी यशोदेच्या वाणीने कृष्णाशी बोलतो. स्वतंत्र प्रकार म्हणून त्याचे पहिले उपलब्ध उदाहरण बाराव्या शतकातील ओट्टक्कूत्तर या राजकवीने दुसऱ्या कुलोत्तुंग चोळावर रचले.

या प्रकाराची चौकट काटेकोर आहे. त्यात दहा ‘परुवम्’, म्हणजे बालपणाचे दहा टप्पे असतात आणि प्रत्येकात सामान्यतः दहा पद्ये असतात. आरंभीच्या ‘काप्पु’मध्ये मुलाच्या रक्षणासाठी देवांची आळवणी होते. नंतर अंग उचलून डोलणे, पाळण्यातले गाणे, टाळ्या वाजवणे, पापा मागणे, ‘ये’ म्हणून बोलावणे, आणि मुलाशी खेळायला यावे म्हणून चंद्राला हाक मारणे हे टप्पे येतात. शेवटचे तीन टप्पे मुलगा आणि मुलगी यांत भेद करतात. मुलगा असेल तर इतर मुलींनी रचलेली वाळूची घरे मोडू नकोस अशी विनवणी, छोटे नगारे वाजवणे आणि छोटा रथ ओढणे. मुलगी असेल तर अम्मानै हा फेकाझेलाचा खेळ, पाण्यातली क्रीडा आणि झोपाळा.

मराठी वाचकाला यातील जवळजवळ प्रत्येक टप्पा ओळखीचा वाटेल. अंगाई, पाळणा, टाळ्यांचे खेळ, चांदोबाची गाणी हे सर्व मराठी घराघरांत आहे. बारशाचा पाळणा रामाचा असतो, कृष्णाचा असतो आणि शिवरायांचाही असतो. म्हणजे देव आणि राजा यांना एकाच पाळण्यात जोजवण्याची रीत मराठीलाही परकी नाही. फरक आहे तो रचनेच्या विस्तारात. मराठीत जे सुटे गाणे आहे, ते तमिळमध्ये महत्त्वाकांक्षी पंडिती प्रबंध झाले आहे. बायकांच्या तोंडी असलेले घरगुती बोलणे विद्वान, बहुधा संन्यासी असलेल्या पुरुषांनी उचलले आणि त्याला अलंकार, पुराणसंदर्भ आणि श्लेष यांचा साज चढवला.

येथे एक गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरते. पिळ्ळैत्तमिळमधले मूल बोलत नाही. शंभर पद्यांत त्याला सारे विनवतात, जोजवतात, बोलावतात, रागे भरतात. ते उत्तर देत नाही. चंद्राला बोलावण्याच्या टप्प्यात कवी साम, दान, दंड, भेद हे राजनीतीचे चारही उपाय चंद्रावर चालवतो, आणि हा सारा खटाटोप ज्याच्यासाठी चाललेला असतो ते मूल मात्र केवळ असते. स्वतः पाच वर्षे मुका राहिलेला कवी मोठेपणी न बोलणाऱ्या मुलाभोवती शब्दांची एवढी आरास मांडतो, यात परंपरेला काही योगायोग दिसला असेल वा नसेल. वाचकाला तो दिसल्यावाचून राहत नाही.

‘काप्पु’मधील उपरोधही असाच अर्थपूर्ण आहे. जी देवता सर्व विश्वाचे रक्षण करते, तिचे रक्षण करा म्हणून इतर देवांना साकडे घातले जाते. कवीला ही विसंगती ठाऊक आहे, श्रोत्यालाही ठाऊक आहे. तरीही विनवणी खोटी होत नाही, कारण मुलापुढे उभ्या असलेल्या माणसाची काळजी तर्काने मिटत नाही. येथे प्रौढ माणूस प्रौढच राहतो. तो बोबडे बोलत नाही, मूल झाल्याचे सोंग आणत नाही. तो आपले सारे पांडित्य घेऊन मुलापुढे वाकतो.

या ग्रंथाच्या वाचनाविषयी परंपरेत एक आख्यायिका आहे. मदुरेत तिरुमलै नायकाच्या (कारकीर्द १६२३–१६५९) उपस्थितीत कवी आपला प्रबंध ऐकवीत असता, मुलीला ‘ये’ म्हणून बोलावण्याच्या टप्प्यावर मीनाक्षी खरोखरच लहान मुलीच्या रूपाने आली, राजाच्या मांडीवर बसली, त्याच्या गळ्यातील मोत्यांचा हार काढून तिने कवीच्या गळ्यात घातला आणि ती अदृश्य झाली. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेची रचना बोलकी आहे. शंभर पद्ये न बोललेले मूल अखेर कृती करते. आणि ती कृती अशी की सत्तेचा दागिना तिला खेळण्याइतकाच वाटतो. बोलावणाऱ्याला मूल वश होत नाही. ते आपल्या मर्जीने येते आणि आपल्या मर्जीने जाते.

४

मराठी संतकविता या प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहते. पिळ्ळैत्तमिळमध्ये कवी आई आहे आणि देव मूल. वारकरी कवितेच्या मध्यभागी देव आई आहे आणि कवी मूल. विठ्ठल हा पुल्लिंगी देव ‘माउली’ होतो. नामदेवांच्या अभंगांत चारा आणायला गेलेल्या पक्षिणीची वाट पाहणारी पिले येतात. जनाबाईच्या अभंगात अंगाखांद्यावर संतांची लेकरे घेतलेला विठू येतो. १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सांगताना ज्ञानदेव श्रोत्यांपुढे लेकराची भूमिका घेतात आणि आपल्या बोबड्या बोलांचे कौतुक व्हावे असे सुचवतात. तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा ग्रंथ लेकराच्या नात्याने सांगितला जावा, ही मराठीची एक खास भूमिका आहे.

अर्थात मराठीत बाळकृष्णाची कविताही विपुल आहे. नामदेवांनी आणि तुकारामांनी बाळक्रीडेचे अभंग रचले. परंतु त्यांतही कवीची जागा यशोदेपेक्षा गोपाळांच्या मेळ्यात अधिक आहे. तुकारामांच्या गाथेत हमामा, फुगडी, विटूदांडू अशा खेळांवरचे अभंग आहेत. कृष्ण हा जोजवण्याचा विषय न राहता खेळातला गडी होतो. काल्याच्या प्रसंगात तर शिदोऱ्या एकत्र होतात आणि कोणाचा घास कोणाचा हे उरत नाही. ही केवळ काव्यातली कल्पना नव्हे. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो. वारीच्या वाटेवर पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे फुगड्या घालतात आणि खेळ मांडतात. प्रौढाने बालपणाशी संबंध ठेवण्याची जी रीत वारकऱ्यांनी घडवली, तिला स्मृतीची गरज नाही. तो खेळ समूहाचा आहे, त्याला तिथी आहे, वाट आहे, आणि तो संपतो. तो संपल्यावर माणसे आपापल्या शेताकडे परततात.

येथे तुकारामांच्या एका अतिपरिचित अभंगाचा विचार करणे आवश्यक आहे. मुंगी आणि ऐरावत यांचा दृष्टांत असलेला हा अभंग शालेय समारंभांतून आणि भाषणांतून बालपण परत मागणारी प्रार्थना म्हणून उद्धृत केला जातो. हा अर्थ अभंगाच्या अंतर्गत पुराव्याशी जुळत नाही. त्यातील दृष्टांत वयाचे नाहीत, आकाराचे आणि प्रतिष्ठेचे आहेत. मुंगी हे हत्तीचे बालपण नव्हे. तुकारामांनी मागितलेले लहानपण म्हणजे लहान असणे, थोरपणाचा भार नसणे. बालपण गेले की परत येत नाही. हे लहानपण मात्र कोणत्याही वयात स्वीकारता येते आणि सोडताही येते. एक शब्द दोन अर्थांनी चालतो आणि त्यांतील सोपा अर्थ कठीण अर्थाला झाकून टाकतो, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत क्वचित सापडेल.

या संदर्भात तिरुप्पनंदाळचे हत्ती पुन्हा आठवतात. राजाच्या हत्तींना जे जमले नाही ते गळ्यात दोर बांधलेल्या एका दरिद्री भक्ताला जमले. तुकाराम आणि कुमरगुरुपर हे दोघे सतराव्या शतकातले. एकाला दुसऱ्याची वार्ता असण्याचे कारण नाही. तरीही थोरपणाच्या अपुरेपणाविषयी तमिळ शैव आख्यान आणि मराठी अभंग एकाच निष्कर्षाला येतात.

मराठी आणि तमिळ या दोन परंपरा पुढे प्रत्यक्ष एकत्रही आल्या. तंजावरवर १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४–१७१२) मराठीत नाटके लिहिली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’त कुरवंजी या दाक्षिणात्य नाट्यप्रकाराच्या साच्यातून जगाचा भूगोल मराठीत सांगितला आहे. भविष्य सांगणाऱ्या कोरवंजीच्या तोंडी खंडे आणि देश घालण्याची ही युक्ती पाहता, उसन्या घेतलेल्या प्रकाराशी मनमोकळेपणाने खेळण्याची वृत्ती तंजावरच्या मराठीत किती होती हे ध्यानात येते. प्रकारांची ही देवघेव लक्षात घेतली म्हणजे पिळ्ळैत्तमिळ आणि बाळक्रीडा यांचा एकत्र विचार करणे हा निव्वळ समीक्षकी हट्ट ठरत नाही.

५

आधुनिक मराठी साहित्यात बालपणाचा प्रश्न प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची चौकट सहसा दुर्लक्षिली जाते. ही मुलाने सांगितलेली गोष्ट नाही. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आपल्या आईची आठवण सांगतो. म्हणजे येथे स्मृती आहे. पण ती एकांतातली नाही, ती सांगण्यासाठी आहे. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते आणि सांगणाऱ्याच्याही. बालपण हे मूल्यांचे उगमस्थान आहे आणि प्रौढाने पुन्हापुन्हा तेथे जाऊन पाणी भरावे, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. त्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. मर्यादा अशी की श्याम आईपुढे वाकतो आणि वाकलेलाच राहतो. आईचा शब्द मोठेपणी तपासून पाहण्याची, क्वचित त्याच्याशी वाद घालण्याची गरज त्याला भासत नाही. कथेचा पूर्वार्ध येथे परिपूर्ण आहे. उत्तरार्ध येत नाही.

विंदा करंदीकरांच्या बालकवितेत वेगळे घडते. ‘मृद्‌गंध’ (१९५४) आणि ‘ध्रुपद’ (१९५९) यांच्या कवीने ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) लिहिताना बालपणाची हळहळ पूर्णपणे बाहेर ठेवली. तेथे आठवणी नाहीत, गहिवर नाही; तर्काला उलटेपालटे करून पाहणारी प्रौढ बुद्धी आहे आणि तिच्या बरोबरीने खेळणारा बाल वाचक आहे. काल्यातल्या गड्यांचे नाते येथे शहरी आणि लौकिक रूपात पुन्हा दिसते.

परंतु ‘आतले मूल’ या कल्पनेच्या तिसऱ्या गृहीताला, म्हणजे ते मूल सुखी आणि परत मिळण्याजोगे असते या समजुतीला, सर्वांत मोठा धक्का दिला तो दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाने. या पुस्तकाची रचना येथे निर्णायक महत्त्वाची आहे. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघे एकच आहेत आणि एक नाहीत. दगडू हे बालपणीचे, वस्तीतले, जातीने लादलेल्या जगण्यातले नाव. दया पवार हे शिकलेल्या, शहरात नोकरी करणाऱ्या, कवी म्हणून ओळख मिळालेल्या माणसाचे नाव. दुसऱ्याला पहिल्याची ओढ आहे आणि लाजही आहे. मानसोपचाराच्या पुस्तकांत ज्याला ‘आतल्या मुलाशी संवाद’ म्हणतात, तो मराठीत इतक्या उघडपणे आणि इतक्या कमी भाबडेपणाने दुसरीकडे क्वचितच मांडला गेला असेल.

या संवादात दगडूला कोणी जोजवत नाही. त्याच्या बालपणात मुंबईचा कावाखाना आहे, गाव आहे, भूक आहे, दारूत बुडालेला बाप आहे, कष्ट करणारी आई आहे. आणि त्याच्या जोडीला नाद, गाणी, नातलगांचा गजबजाट आणि हशाही आहे. ते बालपण परत मिळवावयाचे नाही. त्याच्याकडे परत जाणे म्हणजे ज्या व्यवस्थेने ते घडवले तिच्याकडे परत जाणे. तरीही त्याला विसरणे ही गद्दारी ठरते. म्हणून एकच मार्ग उरतो : त्याला बोलू द्यावे आणि आपण ऐकावे. पिळ्ळैत्तमिळमध्ये प्रौढ बोलतो आणि मूल गप्प असते. ‘बलुतं’मध्ये मूल बोलते आणि प्रौढ गप्प बसून ऐकतो.

६

या उलटापालटीमुळे पिळ्ळैत्तमिळवरही एक आक्षेप घेता येतो आणि तो टाळणे योग्य नाही. त्या प्रकारातले मूल राजघराण्यातले किंवा देवकुळातले असते. त्याचा पाळणा रत्नजडित, त्याच्या पैंजणात मोती. ज्याच्या वाट्याला पाळणाच आला नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या चौकटीत उद्भवत नाही. शिवाय मुलाचे मौन हे गूढही असू शकते आणि लादलेलेही. शंभर पद्ये मोठ्यांनीच बोलावयाचे ठरले की मुलाच्या नावाने मोठ्यांचे मनोगतच बोलले जाण्याचा धोका असतो. मुलांविषयीच्या पुष्कळशा साहित्याचा हा जुना रोग आहे.

तथापि आक्षेपाबरोबर या प्रकाराचे दोन गुणही नोंदले पाहिजेत. पहिला, तो कोणत्याही एका पंथाचा राहिला नाही. पैगंबर महंमद आणि येशू यांच्यावरही तमिळमध्ये पिळ्ळैत्तमिळ रचले गेले. मुलापुढे वाकण्याची ही मुद्रा धर्माच्या सीमा ओलांडू शकली, कारण तिचा आधार सिद्धान्तात नसून घरातल्या अनुभवात होता. दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. या प्रकाराने ‘मूल म्हणजे मीच’ हे गृहीत नाकारले. मूल हे दुसरे कोणीतरी आहे. ते समोर आहे. त्याला हाक मारावी लागते आणि ते येईलच याची शाश्वती नसते. हा परकेपणा मान्य केल्याने कवितेत आदर शिल्लक राहतो. स्वतःच्याच बालपणाविषयी बोलताना जी आत्मरतीची चिकट गोडी येते, तिला येथे जागा उरत नाही.

नेमका हाच परकेपणा ‘बलुतं’तही आहे. दया पवारांना दगडू हा ‘आपला’ म्हणून आयता मिळत नाही. तो समोर येऊन बसतो आणि परक्यासारखा बोलू लागतो. काळ, भाषा, धर्म, वर्ग या सर्वच दृष्टींनी दूर असलेल्या या दोन रचना एका मुद्द्यावर मिळतात. बालपणाशी नाते ठेवणे म्हणजे मूल होणे नव्हे. मुलाशी बोलणे, किंवा त्याहून अवघड म्हणजे त्याचे ऐकणे होय.

यावरून समीक्षेला एक निकष हाती लागतो. बालपणाविषयीच्या कोणत्याही लेखनाला विचारावयाचा प्रश्न असा नव्हे, की त्यात बालपण किती गोड किंवा किती कडू आले आहे. प्रश्न असा, की त्यात दोन माणसे आहेत की एकच आहे. जेथे आठवणारा आणि आठवलेला यांच्यात अंतर उरत नाही, तेथे लेखन हळवे होते. कारण प्रौढाने स्वतःचे डोळे पुसण्यासाठी मुलाचा हात उसना घेतलेला असतो. जेथे हे अंतर राखले जाते, तेथे मूल मुलासारखे अनपेक्षित राहते आणि प्रौढाला आपले प्रौढपण टाकावे लागत नाही.

आणि येथेच तिरुप्पनंदाळच्या कथेचा उत्तरार्ध उपयोगी पडतो. देव ताटकैसाठी वाकला, ती करुणा. परंतु तो कायमचा वाकलेला राहणे परंपरेला मानवले नाही. कोणीतरी त्याला पुन्हा सरळ करणे आवश्यक वाटले. हत्तींनी म्हणजे निव्वळ बळाने, ‘आता मोठा हो’ अशा दटावणीने ते घडले नाही. ज्याने दोराचे दुसरे टोक स्वतःच्या गळ्याला बांधले, त्यानेच ते केले. लहानासाठी वाकणे आणि मग आपल्या पूर्ण उंचीला परत येणे, या दोन्ही क्रिया एकाच प्रेमाच्या आहेत, असे ही कथा सुचवते. वारकरी फुगडी थांबवून पुढच्या मुक्कामाची वाट धरतो. कवी शेवटचा झोपाळ्याचा टप्पा रचून प्रबंध पुरा करतो. दगडूचे सांगणे ऐकून झाल्यावर दया पवारांना आपल्या नावाने पुस्तक लिहावे लागते. वाकून राहिलेल्याला मूल दिसते, पण मुलापलीकडचे काही दिसत नाही. कधीच न वाकलेल्याला मूलच दिसत नाही.

आतल्या मुलाला जपण्याचा उपदेश करणाऱ्या आजच्या लेखनाने या जुन्या देवळाकडे आणि त्याच्या शेजारच्या मठाकडे एकवार पाहावे. तेथे बालपणाचे स्मारक नाही. एका बाईची अडचण आहे, एका न बोलणाऱ्या मुलाची आठवण आहे, आणि गळ्याला दोर बांधून ओढणाऱ्या माणसाचे श्रम आहेत. मराठीत हाच अर्थ एका मुंगीने आणि एका दगडूने आपापल्या परीने सांगितला आहे.